उजवा डोळा आधी

काकांनी रिकाम्या बाकाकडे बघून "बसा, पाच मिनिटं" असं म्हटलं तेव्हा भर दुपार होती आणि दुकानात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. नव्या माणसाची फिरकी घ्यायची पद्धत सगळ्याच दुकानांत असते. मीही हुशारी दाखवत बाकाकडे बघून विचारलं, "चहा घेता का?" काका हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाकाकडे, आणि हातातल्या फ्रेमचा स्क्रू पिळायला लागले.

आदिलाबादेत त्यांचं चष्म्याचं दुकान तीसएक वर्षांपासूनचं. ते माझे नात्यातले कोणी नव्हेत. आमच्या मराठी माणसांतले आणि माझ्या वडिलांचा चष्मा त्यांच्याकडचा, एवढीच ओळख. गुडीहत्नूरजवळ आमची कापूस-ज्वारीची शेती आहे. डिग्री झाल्यावर घरी बसून स्थळांची वाट बघण्यापेक्षा मी चष्मे बनवण्याचा डिप्लोमा धरला. पुस्तकं घरपोच यायची, परीक्षा वर्षाच्या शेवटी, आणि मधलं वर्ष एखाद्या जाणत्याच्या हाताखाली काढायचं. नंबर काढणं हे डॉक्टरचं काम. तो नंबर काचेत उतरवायचा आणि माणसाच्या नाकाकानावर असा बसवायचा की चष्मा घातलाय हे तो विसरून गेला पाहिजे, हे आमचं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं.

पहिला महिना मी नुसतं पुसलं. कापसाचा हंगाम होता. भैंशाच्या बाजाराकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांतून उडालेले तंतू काचांवर येऊन चिकटायचे आणि मी तीनशे फ्रेमा एका टोकापासून पुसत आणायचे, तोवर पहिल्या टोकाला पुन्हा तंतू. मी चिडून पुसायचे आणि चिडून पुसलेलं काकांना बरोबर ओळखू यायचं. मग एक दिवस हातात मिलिमीटरची पट्टी आली. गिऱ्हाइकाच्या समोर हातभर अंतरावर बसायचं. आपला उजवा डोळा मिटायचा आणि त्याला आपल्या उघड्या डोळ्यात बघायला सांगायचं. पट्टीचा शून्य त्याच्या उजव्या बाहुलीवर धरायचा. मग आपला डोळा बदलायचा आणि डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. दोन बाहुल्यांमधलं हे अंतर चुकलं तर काच कितीही भारी असो, माणसाचं डोकं चढतं.

"मान्साकडं पाहू नोको, बाहुली पाह्य," काका सांगायचे. "आन् उजवा डोळा आधी. मोजनं असो, लिवनं असो, वाचनं असो, उजवा आधी. हाताले सवय लागली का चूक होत नाही."

सरावाला हक्काचे डोळे काकांचेच. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर बसायचे, पट्टी धरायचे आणि सांगायचे, "चौसष्ट." ते म्हणायचे, "बरोबर." त्यांच्या दोन्ही बाहुल्यांत मी दिसायचे, इवलीशी, एक डोळा मिटलेली.

त्यातली उजवी तेव्हा आंधळी झालेली होती. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण लपवून ठेवण्याचा मला अधिकार नाही. ज्या माणसानं मला डोळे मोजायला शिकवलं त्याचा एक डोळा गेला होता, दुसरा चालला होता, आणि मी रोज हातभर अंतरावरून त्या दोन्ही डोळ्यांत बघून आकडा सांगत होते. न दिसणारा डोळा दिसायला तसाच असतो. दुसऱ्याबरोबर वळतो, चमकतो, त्यात आपण दिसतो. काकांचा तो डोळा गेलाय हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं, आणि ते कसं शक्य आहे हे मला अजून नीट पचलेलं नाही.

बाकावरच्या त्या दुपारनंतर आठेक दिवसांनी काका म्हणाले, "त्या बाईले पानी दे वं. कवापासून लेकरू घेऊन बसली हाय."

"कोन बाई?"

"हिरव्या लुगड्याची."

बाकावर कोणी नव्हतं. गेली असेल म्हणून मी दार उघडून रस्त्यावर बघून आले. आमच्या दाराला घुंगरू लावलेलं आहे, मांजर आत आलं तरी वाजतं. "गेली वाटते," मी म्हटलं. काकांनी दाराकडे बघितलं. "घुंगरू तं वाजलं नाही," ते म्हणाले. माझ्याही मनात तेच आलं होतं. पाण्याचा ग्लास मी शेवटी स्वतःच पिऊन टाकला.

दुकानाच्या मागे एक लांबट खोली आहे. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला तिथं बसवून वाचून घेतात. खोली दहाच फुटांची, आणि तक्ता तर वीस फुटांवरून वाचायचा असतो. म्हणून समोरच्या भिंतीवर आरसा आहे आणि दिव्याच्या पेटीत घातलेला तक्ता खुर्चीच्या मागे, डोक्याच्या वर. अक्षरं उलटी छापलेली. आरशात बघितलं की ती सुलटी होतात आणि दूर गेल्यासारखी वाटतात. तक्त्यावर आपली मराठी अक्षरं होती, वर एक मोठं, खाली बारीक होत गेलेली. दुकान उघडल्यावर काका आधी त्या खुर्चीत बसायचे. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायचे, मग दिव्याचं बटण दाबायचे आणि उजव्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मग हात बदलून डाव्यानं. "लोकाइचे डोळे पाहाच्या आधी आपले पाहावं," असं त्यांचं म्हणणं. त्या वयातही शेवटची ओळ यायची याचा त्यांना अभिमान होता, आणि मला त्यांचा.

एका सकाळी त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. माझ्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवून ते बाजूला उभे होते आणि आरशात बघत होते. मी दोन ओळी वाचल्या आणि ते हळू आवाजात म्हणाले, "तुह्या मांगं ते कोन उभे हायत?"

मी आरशात बघितलं. मी, काका, आणि आमच्या डोक्यावर उजळलेली अक्षरं.

"कुठं?"

"भितीपाशी. फेटेवाले हायत तिघं. पाठ करून." मग आरशात निरखून, "लहान हायत. कमरेएवढे."

मी फ्रेमसकट मागे वळले. चुना लावलेली भिंत होती आणि तिच्यावर वायर. पुन्हा आरशाकडे वळायला मला धीर होईना. काकांनी डोळे चोळले. "काई नाही. वाच पुढं," ते म्हणाले. मी पुढची ओळ वाचली. 

माझा भुतांवर विश्वास नाही असं मी कॉलेजात तोऱ्यात सांगायचे. त्या आठवड्यात आईनं दिलेली अंगाऱ्याची पुडी मी गल्ल्याखालच्या फटीत गुपचूप सरकवली. एका हातात प्रकाशाच्या किरणांचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात अंगारा. आता आठवलं की माझंच मला हसू येतं आणि लगेच रागही येतो. कारण त्याच पुस्तकात एक धडा होता. माणसाची नजर कधी कधी कडेकडेनं जाते, मधलं शाबूत राहतं, आणि अशी माणसं दाराच्या चौकटीला खांदा आपटतात, असं त्यात लिहिलेलं होतं. परीक्षेला येईल म्हणून मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. काका दिवसातून दोनदा उजवा खांदा चौकटीला आपटायचे आणि "हे दार कोनं लावलं?" म्हणून माझ्यावर खेकसायचे. मी मनात म्हणायचे, म्हातारपण, दुसरं काय. पुस्तकातली माणसं आणि काका एकच असतील हे डोक्यातच आलं नाही.

मग काका त्या माणसांबद्दल बोलेनासे झाले. मला वाटलं, अंगारा लागू पडला. काही दिवस जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला, पण दुकानातली शांतता वेगळी होती. गिऱ्हाईक आत आलं की काका पूर्वी मान वर करायच्या आत "या" म्हणायचे. आता ते आधी माझ्याकडे बघायचे. मी "या, बसा" म्हटलं की मग ते म्हणायचे, "या या." घुंगरू वाजलं तरी माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ज्या दिशेला बघून बोलेन त्या दिशेला बघून ते बोलायचे. एकदा मुद्दाम मी गप्प राहिले. दारात खरोखरचा एक शाळामास्तर उभा होता आणि काका त्याच्याकडे बघत होते, डोळ्याला डोळा देऊन, आणि बोलत नव्हते.  मास्तर हसून म्हणाला, "ओळखलं नाही का सेठ?" तेव्हा कुठे काका हलले.

दुकान असं ठिकाण आहे की अनोळखी माणसं येऊन मुकाट बसतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. काकांना घरात ही माणसं दिसली असती तर पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. दुकानात त्यांनी कितीतरी दिवस त्यांना गिऱ्हाईकच समजून घेतलं.

संक्रांतीच्या आधी मी एक दिवस फ्रेमांची पेटी आणायला बसस्टँडवर गेले. परतायला तास लागला. आले तर बाकावर एक म्हातारी बसलेली. हिरवं लुगडं. मांडीवर नातू झोपलेला. मी पेटी तशीच धरून दारात उभी राहिले. काका काउंटरमागे मान खाली घालून एकच काच पुसत होते.

म्हातारीनं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. "बाई, तुमचे सेठ बहिरे हायत का? घंटाभर झाला, मी आवाज देऊन राह्यली. पाह्यतात आन् मान खाली घालतात. आमी गरीब हाव म्हनून का?"

ती खरी होती. उटनूरकडच्या एका खेड्यातून नातवाचा चष्मा न्यायला आली होती. मी तिच्या हातापाया पडून माफी मागितली, चहा पाजला, पोराच्या कानामागची काडी तीनदा वाकवून नीट बसवली. काका काच पुसतच राहिले. ती गेल्यावर मी तोल सुटून विचारलं, "काका, तुमी असं काऊन केलं? ती बोलून राह्यली होती ना तुमच्यासंग!"

"मले वाटलं..." ते म्हणाले. मग मागच्या खोलीत निघून गेले. जाताना खांदा चौकटीला लागला.

मी तेव्हाच मागे जाऊन बसायला हवं होतं. मी गेले नाही. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ती काकांसाठी नव्हती. मला वाटत होतं, यांचं डोकं फिरलं तर डिप्लोमासाठी लागणाऱ्या माझ्या सरावाच्या वहीवर सही कोण करणार. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी दिव्याच्या पेटीतला तो मराठी तक्ता माझ्या हातून फुटला. काका मावल्याच्या आपल्या घरून यायच्या आधी मी खोली झाडत होते. धूळ पुसायला पेटीतली अक्षरांची काचेची पट्टी बाहेर काढली आणि ती फरशीवर पडून तिचे तीन तुकडे झाले.  कपाटात तशीच उलटी छापलेली एक नवी पट्टी होती, एका विक्रेत्यानं दिलेली, तेलुगू अक्षरांची. हल्लीच्या शाळेतल्या पोरांना तीच वाचता येते म्हणून काकांनी ठेवून घेतली होती. मी ती पेटीत सरकवली, तुकडे कागदात गुंडाळले, आणि ओरडा खायच्या तयारीनं आरशाशेजारी उभी राहिले.

काका आले. खुर्चीत बसले. तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला, बटण दाबलं. आरशात गोल गोल तेलुगू अक्षरं उजळली.

आणि काका वाचायला लागले. "क. ब, ल. त, ग, फ..."

मी आधी आरशाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ते मजेत, ठेक्यात वाचत होते. ओळ बदलली की हनुवटी जराशी खाली जायची. चौथी ओळ. पाचवी. शेवटच्या ओळीवर त्यांनी नेहमीसारखा उजवा डोळा किंचित बारीक केला, बारीक अक्षराला करतात तसा, आणि जुन्या मराठी तक्त्यावरचं शेवटचं अक्षर वाचलं. समोर त्या अक्षराचा पत्ता नव्हता.

मग त्यांनी हात बदलला आणि डाव्या डोळ्यानं बघितलं.

खोलीत दिव्याच्या पेटीचा घूं आवाज तेवढा येत होता. काकांची मान हळूहळू इकडून तिकडे फिरत होती, नळीतून बघावं तशी.

"हे कवा लावलं?"

"सकाळी. जुनी माह्या हातून फुटली, काका."

"मंग मी आत्ता काय वाचलं?"

मी कागदात गुंडाळलेले तुकडे त्यांच्यापुढे धरले. त्यांनी पुन्हा डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि समोर बघितलं. "दिसून राह्यले वं," ते म्हणाले. "आत्ता बी. काळे, ठसठशीत. क, ब, ल. मले दिसून राह्यले."

ते खोटं बोलत नव्हते. तीस वर्षं रोज बघितलेली अक्षरं त्यांचा मेंदू त्या मेलेल्या डोळ्यासमोर मांडत होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळलं की आरशातल्या त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशात नसलेलं काहीतरी दिसतंय, आणि तो मला जवळचा आहे, आणि मी त्याला सोडून पळू शकत नाही.

"ते मानसं," काका म्हणाले, "तुले दिसतात का?"

"नाही."

"एक बी?"

"एक बी नाही, काका. कधीच नाही."

त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर घेतले. ही माणसं दिसतात हे त्यांनी काकूंना सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मुलीला नव्हतं. वेडा म्हणतील, दुकान बंद करायला लावतील. आणि डोळे? डोळ्यांची शंकाच आली नव्हती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, काचबिंदू मुकाट्यानं येतो, गेलेलं परत येत नाही" असं सांगून दवाखान्यात पाठवणारा हा माणूस स्वतः कधी गेला नव्हता. "मी तं रोज वाचून राह्यलो होतो," ते म्हणाले. तक्ता तोंडपाठ असलेला माणूस स्वतःला तक्ता वाचून तपासत होता. अशी चूक आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कोणाच्या हातून होणार नाही.

मला इतका राग आला की मी त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सकाळी साडेदहाला शटर ओढलं, काकूंना फोन लावला आणि दुपारच्या आत आम्ही तिघं दवाखान्यात होतो.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू. त्यानं हिंदीत सांगितलं. काचबिंदूनं उजवा संपलाय. डाव्यात मधला बांगडीएवढा तुकडा उरलाय, त्यातूनच हे स्क्रू पिळतात, काचा बघतात. जिथं दिसत नाही ती जागा मेंदू रिकामी ठेवत नाही, तिथं माणसं उभी करतो, कधी अक्षरं. वेड नाही, बाहेरचं काही नाही. थेंब रोज दोनदा, मरेपर्यंत. उरलंय ते टिकेल, कदाचित. काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. बाकावरच्या त्या पहिल्या दुपारपासून अडीच महिने झाले होते. त्या अडीच महिन्यांत डाव्यातलं किती गेलं, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. ते उत्तर घेऊन मला जगता आलं नसतं.

महिन्याभरानं काका दुकानात आले, काकूंचा हात धरून. डॉक्टरनं नवा नंबर दिला होता. "चष्मा करायचा हाय," ते म्हणाले. "तूच घे माप."

मी समोर बसले. पट्टी धरली. चौसष्ट. त्यांच्या नाकाला बसणारी फ्रेम निवडली, कान बघितले, आणि काचेच्या ऑर्डरचा कागद पुढे ओढला. त्यावर दोन रकाने असतात. उजवा आधी.

तिथं माझा हात थांबला. ज्या डोळ्याला दिसत नाही, त्याच्यापुढे नुसती साधी काच बसवत नाहीत. एक बाजू जड आणि एक हलकी झाली तर चष्मा नाकावरून कलतो, आणि बघणाऱ्यालाही एक डोळा मोठा, एक लहान दिसतो. म्हणून दुसऱ्या डोळ्याएवढ्याच जाडीची, तेवढ्याच वजनाची काच तिथं घालतात. तिचा डोळ्याला काही उपयोग नसतो. कागदावर नंबराच्या जागी एकच शब्द लिहायचा असतो, 'बॅलन्स'. मी तो पुस्तकात वाचला होता. कोणासाठी लिहिला नव्हता.

"काय झालं?" काका म्हणाले. "लिव ना."

"आधी डावा लिहिते, काका."

"काऊन?" त्यांचा आवाज चढला, पूर्वी माझ्या पुसण्यावर चढायचा तसा. "उजवा आधी. तो डोळा कवाचाच गेला होता पोरी. आपन दोघंच रोज मोजत बसलो होतो."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मग डाव्याचा नंबर लिहिला आणि कागद नेहमीप्रमाणे सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी तो चाचपला, मान इकडेतिकडे करत त्या बांगडीएवढ्या जागेत पकडला, वाचला, आणि पेनासकट माझ्याकडे परत ढकलला.

"माप तू घेतलं," ते म्हणाले. "सही तुही."